हलला की पुसला

गाडी जुंपायची वेळ झाली तरी मी अंगणात कॅमेऱ्याची तिवई रोवत होतो. नुकताच गुढीपाडवा झाला होता. चंद्राची कोर आणि शुक्राची चांदणी अगदी शेजारी येऊन आमच्या छपराकडे उतरत होत्या. या युतीची मी किती महिने वाट पाहिलेली. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी साखरा सोडून, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जायचं ठरलं, कारण मोगलाईतली जाळपोळ शेजारच्या गावापर्यंत आली होती. कुणाला कशाचं, तर मला चांदणीचं!

"काहून तिच्या मागं लागलास?" आबा ओट्यावरून म्हणाले. "आभाळ काय पळून चाललंय व्हय? पळून तर आपन चाललो."

आपण म्हणाले खरं, पण ते येणार नव्हते. तिन्हीसांजेला दिवा लागला नाही तर घर मेलं, असं मानणारा माझा बाप. मायनं पाय धरले, मी विनवलं. ते ओट्यावरच्या कोनाड्यात दिवा लावून त्याच्या शेजारी बसले ते बसलेच. वर मलाच चिडवू लागले, "माझाबी फोटू निघंल का रं ह्याच्यात?"

"निघंल, पन हलू नका," मी म्हणालो. "झाकण लई वेळ उघडं ठेवतो. हललेलं मानूस काचंवर ऱ्हात न्हाई, पुसून जातं."

"बरं. न्हाई हलत."

मी झाकण काढलं. माय कंदील घेऊन घरातून गाडीपर्यंत आणि गाडीपासून घरात फेऱ्या मारत होती. बायको लेकराला पोटाशी धरून जात्याजवळ घुटमळत होती. जातं काही नेता येत नव्हतं. गाडी भरली, मी झाकण लावलं आणि आबांना हाक मारली. ते हलले नाहीत. मी जवळ जाऊन पाया पडलो, तेव्हा फक्त डोळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, थट्टा करताहेत. कनेरगावचा सरहद्दीवरचा नाका टाळून आम्ही कोरड्या नदीतून पलीकडे गेलो.

वाशीमला मामाच्या कडब्याच्या खोलीत कंदिलाला लाल फडकं गुंडाळून मी कॅमेऱ्यातली ती फोटोची काच धुतली. या काचेवर सगळं उलटं उमटतं, उजेड काळा आणि अंधार पांढरा. कागदावर छापलं की ते सुलट होतं, पण कागद कुठून आणणार? मी काच उजेडापुढे धरली. छपरावर कोर आणि चांदणी दोन काळ्या रेघा ओढून उतरल्या होत्या. खाली आमचं घर होतं, सताड उघडं आणि रिकामं. माय नव्हती, बायको नव्हती, लेकरू नव्हतं. मायच्या कंदिलाची तेवढी काळी रेघ दारातून गाडीकडे पुन्हा पुन्हा गेलेली, जणू कंदील एकटाच सामान काढत होता. आणि ओट्यावर आबा, काळ्या तोंडाचे, पण नीट, ठळक.

माय कितीतरी वेळ बघत राहिली. "आपन घरात असतानाच घरानं आपल्याला काढून टाकलं व्हय रं?" मग तिचं बोट कोनाड्यावर थांबलं. "दिवा काळा काहून पडला?"

काचेची रीत मी तिला दहा वेळा समजावली. तिनं ऐकलं आणि काच पदराखाली घेऊन निजायला लागली. तुम्ही जे आपापल्या गावातच राहिलात, त्यांना हे हसू येण्यासारखं वाटेल. आम्हाला त्या उन्हाळ्यात हसू येत नव्हतं. आबांची खबर कुणाकडूनच येत नव्हती आणि मी रोज तिन्हीसांजेला मावळतीकडे बघताना मनात म्हणायचो, आता दिवा लावत असतील.

पावसाळा सरता सरता मोगलाई संपली, राज्य बदललं आणि आम्ही गावी गेलो. घर जळलं नव्हतं. दार तसंच सताड उघडं, आत कुणी नाही. त्या काचेत मी हेच पाहिलं होतं. फरक एवढाच, आता ओटाही रिकामा होता. मी अंगणात पाय टाकायला खरंच भ्यालो.

शेजारच्या धोंडाबाईनं सांगितलं, आबा श्रावणात तापानं गेले. दिवा मात्र एक सांज चुकवला नाही. "दिवा लावला की तितंच बसायचे, दगडावानी. पावसाची झड अंगावर यायची, मी म्हनायची, आबा, आत चला, तर मान बी वळवायचे न्हाईत. 'पोरगं फोटू काढून राहिलं,' म्हनायचे. 'हललो तर पुसला जाईन.'"

आता वाशीमच्या कापसाच्या जिनिंगात नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, माय तिथंच वारली. गच्चीवरून मी अजून ग्रह टिपतो. छापायचा कागदही मिळतो. ती एक काच मात्र मी अजून छापलेली नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी साखरा सांगतो, आणि डोळ्यांपुढे ते अंगण येतं, ज्यात आम्ही कुणीच नाही आहोत. ओट्यावर आबा आहेत. झाकण लावलंय, आता हला, एवढं त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.