फोनवरचा पहारा

फणसवाडीच्या सुलभाकाकूंना मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही, पण माझे बाबा आज माझ्यासमोर बसून चहा पितात ते त्यांच्यामुळे. म्हणून आधी त्यांचं नाव.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट आहे. मी कोकणातल्या तालुक्याच्या गावी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर. परळच्या एका ऑफिसात नोकरी लागली तेव्हा लालबागला चाळीत खोली भाड्याने घेतली आणि बाबांना सोबत आणलं. आई आधीच गेली होती. बाबा माळकरी; माझी श्रद्धा मात्र सणासुदीपुरती उरली होती. त्या वैशाखात बाबांना ताप आला, मग धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवू नका, ऑक्सिजन लागेल. ज्या परळला देशभरातून माणसं बरी व्हायला येतात तिथे, हाकेच्या अंतरावर राहून, मला एक खाट मिळत नव्हती.

मग सगळ्यांनी केलं तेच मी केलं. "बाबांना ऑक्सिजनची खाट तातडीने हवी" एवढंच लिहिलं, खाली माझा नंबर, आणि दिसेल त्या ग्रुपवर टाकलं. लोकांनी ते भराभर पुढे पाठवलं. नागपूरहून फोन आला, सोलापूरहून आला. कुणी कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगायला सांगितली, कुणी मंत्र पाठवला. मला पाठवलेले रुग्णालयांचे नंबर लागत नव्हते. एक बाई तर माझ्याकडेच खाट मागत रडू लागल्या. मेसेज फिरता फिरता माझा नंबर मदत देणाऱ्यांच्या यादीत जाऊन पडला होता. इतकी माणसं बोलत होती आणि बाबांचा श्वास तेवढाच तोकडा होता. देवाचा मला राग आला.

तेवढ्यात आणखी एक अनोळखी फोन.

"तातडीने खाट हवीवाला तूच ना रे?"

"हो. आपण?"

"मी सुलभाकाकू, गिरगावातून, फणसवाडी. मेसेजात पेशंटचं वय नाही, राहतो कुठे ते नाही, ऑक्सिजन किती ते नाही. शाळेत पत्ता लिहायला शिकवला नव्हता का?"

"सुचलंच नाही, काकू," म्हणता म्हणता मला रडू आलं.

"रडायचं नंतर. आधी वय सांग."

सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तो मेसेज काढून टाक. फोन मोकळा ठेव आणि बाबांजवळ बस. शोधणं आमच्याकडे दे."

त्यांच्या भजनी मंडळाचा हरिनाम सप्ताह त्या वर्षी होऊ शकला नव्हता. सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. पुढचा माणूस पहाऱ्याला येऊन ती घेईपर्यंत आधीचा जागचा हलत नाही. या बायकांनी तोच पहारा फोनवर लावला होता. एकेकीने आपल्या पाळीत रुग्णालयांना फोन करायचे, स्वतः बोलून खात्री करायची, आणि पुढचीला सगळं समजावल्याशिवाय उठायचं नाही.

शोधणं दुसऱ्याच्या हाती देणं मला फार जड गेलं. हात पुन्हा पुन्हा फोनकडे जायचा. बाबा धापा टाकत म्हणाले, "माका काय होना नाय. तू आदी जेव." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. प्रार्थनेचे शब्द आठवेनात, म्हणून नुसता बसलो. दुपारी वेगळाच आवाज आला, "मी निर्मला. काकूंनंतरचा पहारा माझा. बाबांना उताणं नको, पालथं झोपव हं." मग आणखी एकीचा फोन. त्यांना बाबांचं वय मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

दिवेलागणीला काकू पुन्हा बोलल्या, "दादरला एक खाट रिकामी झालीय. मी स्वतः बोललेय. निघा!" शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांनी मास्कवर मास्क चढवला आणि गाडी काढली. पुढे बरेच दिवस गेले, पण बाबा आपल्या पायांनी घरी आले.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मी ठरवलेलं नाही. मी सगळ्या जगाला हाक मारत होतो तेव्हा हाती काही लागलं नाही, आणि हात रिकामे करून बसलो तेव्हा कुणीतरी भार उचलला होता, एवढं मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात काकूंना पत्र लिहिलं. ते असं:

ती. सुलभाकाकूंस सा. न.

बाबा ठणठणीत आहेत. सकाळी जप झाला की ते एक नमस्कार जास्तीचा करतात. कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "माज्या आदी त्या खाटीवर जो होतो, तेका." खाट रिकामी झाली असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला नुसता आनंद झाला होता. ती कशी रिकामी झाली, हे माझ्या मनातही आलं नाही. बाबा म्हणतात, तो बरा होऊन घरी गेला. त्यांनी कुणाला विचारलेलं नाही, तसं धरून चालतात. आता त्यांच्या शेजारी बसून मीही त्या माणसासाठी हात जोडतो.

काकू, तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर मला कळवू नका.

आपला,
लालबागचा मुलगा