यमुनेनं न घेतलेलं व्रत

त्या दिवशी सौंदड स्टेशनवर गाडी आली आणि यमुना गाडीत चढली नाही. ती घरी परतली. त्यानंतर हळूहळू तिचं अंगणाच्या फाटकाबाहेर जाणंच बंद झालं, ते सात वर्षं.

यमुना माझी बायको. मागच्या पौषात ती वारली. तिच्याबद्दल गावाला सगळं ठाऊक आहे, असं गावाला वाटतं. जे ठाऊक नाही ते मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — मुलीजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

फलाटावर तिच्या छातीत धडधड सुरू झाली, श्वास पुरेना, हातांना मुंग्या आल्या. आपण इथेच मरणार, असं तिला वाटलं. डॉक्टरांनी हृदय तपासलं; काही दोष नव्हता. पण ती आधी गाडीला भिऊ लागली, मग बाजाराला, मग गल्लीला. जिथून चटकन घरी पोचता येणार नाही, अशी एकेक जागा तिच्यासाठी बंद होत गेली. मी शाळेत शिक्षक. घरात पुस्तकांची दोन कपाटं. आणि तरी मला लाज वाटली — गुरुजींच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, असं कुणी म्हणेल याची.

महाशिवरात्रीला आमच्या गावच्या बायका आमच्याकडच्या प्रतापगडला, महादेवाच्या जत्रेला जातात. यमुना दरवर्षी त्यांच्यात असायची. त्या वर्षी शेजारच्या कौसाबाईनं फाटकातून हाक मारली, "काऊन जी गुरुजी, यमुनाबाई येऊन नाही राहिली? का तुमीच सोडून नाही राहिले?" बायका हसल्या. आणि मी — काय झालं मला? — म्हणालो, तिनं महादेवाला शब्द दिलाय, अंगणाबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणून.

एवढंच. गुरुजींचं वाक्य, कोण पडताळणार? जत्रेहून परतल्यावर बायका प्रसाद घेऊन आल्या आणि तिच्या पाया पडल्या. यमुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्या दर सोमवारी येऊ लागल्या. आजारी माणसाला लोक विचारतात, बरं कधी वाटेल? व्रत घेतलेल्या बाईला तसं कोण विचारतं? माझी सोय झाली. सात वर्षं मी उपचाराचं नाव काढलं नाही.

शेवटी मुलीनंच गोंदियातल्या एका समुपदेशक बाईंशी तिचं फोनवर बोलणं जुळवून दिलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. भीती चढते, बाई सांगत होत्या, पण तिथेच थांबलं तर ती आपोआप उतरते. ती उतरण्याआधीच आपण पळतो, म्हणून शरीराला ते कधी कळतच नाही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. आणि रोज थोडं पुढे जायचं — फाटक, हातपंप, बोडीची म्हणजे गावतळ्याची पाळ, मग स्टेशन. घाई नाही, पण पळणंही नाही.

हातपंपापर्यंत चाळीस पावलं. ती दांड्याला धरून उभी राहिली, ओठ पांढरे, पदर घामानं ओला. मी तिची नाडी धरली होती. मुठीत चिमणी फडफडावी तशी ती धावत होती. आम्ही काहीच केलं नाही — फक्त थांबलो. आणि ती नाडी माझ्या बोटांखाली हळूहळू शांत झाली. लढायांची, शिखरांची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. एवढं मोठं मी काही पाहिलं नाही. भीती अशी उतरू देण्याचं बळ माणसात आधीपासूनच असतं?

पण मी तिला दुपारी न्यायचो, गाव भाताच्या रोवणीला शेतात गेलं की. तिला ते कळत होतं. "त्या बायाइले सांगून टाका ना जी," ती म्हणाली. "मले लपूनछपून बरं नाही व्हायचं." सांगतो, म्हणालो. सांगितलं नाही.

एका दुपारी बोडीच्या पाळीवर कौसाबाई समोर आली, डोक्यावर भाताच्या पऱ्ह्यांची, रोपांची टोपली, मागे चार बायका. "अवं माय! वर्त मोडलं का वं? सात वर्सं आमी पाया कोनाच्या पडलो मंग?"

 यमुनेनं माझ्याकडे पाहिलं — वाट पाहिली. बोलायचं होतं मी. एक वाक्य होतं. मी पुन्हा खाली पाहिलं.

"वर्त नव्हतं बाई," ती म्हणाली. "बिमारी होती. मले भेव वाटे. लबाडी माहीच."

आणि ती घरी पळाली नाही. बायका निघून गेल्या, तरी भीती उतरेपर्यंत ती त्या पाळीवर उभी राहिली.

बायकांचं सोमवारी येणं थांबलं. पुढच्या हिवाळ्यात ती गोंदियाच्या गाडीत चढली, खिडकीशी बसली, पूर्ण वाट डोळे उघडे ठेवून. नंतरची चार वर्षं ती हवी तिथे गेली. पाळीवरचं ती कधी बोलली नाही. मीही नाही. त्या चार वर्षांत मला एक दुपार मिळाली नसती?

तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो. कौसाबाई शेजारणीला म्हणाली, "बाई गुनाची होती. पन देवाच्या नावानं लबाड बोलली." मी तिच्या पानात भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेलो.

यमुना नाही. गावात मी अजून गुरुजी आहे, आणि ती लबाड.