हळूहळू हरू देणारी बाई

अहेरीच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत, मी एक वाक्य बोललो आणि त्याने जमीलाबाईंचं दुकान बुडालं. "मी फक्त मशीन पुरवतो, पोरं सांभाळणं यांचं काम." हे खोटं होतं. बोलतानाच मला ते ठाऊक होतं. बाई आता हयात नाहीत. त्यांना न पाहिलेल्या माणसांना त्या कशा होत्या हे सांगायचं, तर हे आधी कबूल करणं भाग आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दुकानाच्या दारातच शिवणयंत्र आडवं लावून बसल्या होत्या. आत जायचं तर त्यांच्या गुडघ्याला वळसा घालून, अंग चोरून जावं लागे. आत त्यांच्या नवऱ्याने सुरू केलेलं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तो घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यावर बाईंनी पार्लरही ठेवलं आणि आपलं शिवणकामही. मी वाट मागितली तर यंत्र न थांबवता म्हणाल्या, "मोठ्या मानसाले आत काय काम हाय जी? खेळाचं असन तं लहान होऊन या."

मी लहान होऊन गेलो नाही. मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा. वडील वीज केंद्रात होते, मला तिथे नोकरी लागली नाही, म्हणून नागपूरच्या एका व्यापाऱ्याची मशीनं दुकानादुकानांत बसवायचो. मशीन आमचं, जागा दुकानदाराची, गल्ला अर्धा अर्धा. बाईंकडची जुनी मशीनं बिघडली होती. आमची आली आणि मीही येऊ लागलो. त्या मला 'मशीनवाले भाऊ' म्हणत.

बाजाराच्या दिवशी त्या दुकानाला वेगळंच रूप यायचं. आतल्या गावांहून मोह, चारोळी, डिंक विकायला आलेल्या बाया आपली पोरं जमीलाबाईंकडे सोडून जात. बाई ब्लाऊजच्या चिंधीचे दोन तुकडे करत, एक पोराच्या मनगटाला बांधत, दुसरा आईच्या. संध्याकाळी रंग जुळला की पोरगं हवाली. याचे पैसे त्या घेत नसत. पोरं एखादं नाणं खेळत, बाकी वेळ दुसऱ्यांचा खेळ बघत बसत. रैनी नावाची एक मुलगी शर्यतीच्या मशीनवर बसली की वळण आल्यावर अख्खी कलंडायची. ती कधी कुणाला मागे टाकत नसे. बाई म्हणायच्या, "तिले जिंकाचं नाई, तिले झाडं पाहाची हायत."

बाईंच्या दुकानात एक डाव फार वेळ चालायचा. मशीनच्या पोटात, बोर्डावर, बारीक बटणांची एक रांग असते. खेळ सोपा की अवघड ते तिथे ठरतं. बाईंनी सगळी बटणं सोप्याकडे करून घेतली होती. मी म्हणालो, "असं कसं चालेल बाई? पोरगं लवकर हरलं तरच दुसरं नाणं टाकेल." त्या हसल्या. "हारू द्या ना जी. पन हळूहळू हारू द्या. लवकर हारलेलं पोट्टं बाहेर जाते. बाहेर गेलेलं पोट्टं मी कुठी पाहू?"

नागपूरला मात्र वेगळं ठरत होतं. गोड सुपारीच्या एका कंपनीने व्यापाऱ्याला पैसे देऊ केले. मेकॅनिकने चिप बदलली आणि शर्यतीच्या खेळात रस्त्याकडेच्या फलकांवर त्या सुपारीची पुडी झळकू लागली. डाव संपला की पडदाभर तीच पुडी. वर योजना अशी की मूठभर रिकाम्या पुड्या आणा आणि एक डाव फुकट खेळा. बटणं अवघडाकडे करायची, हा त्यातलाच भाग. मला प्रत्येक दुकानामागे वेगळं कमिशन होतं.

बाई नाही म्हणाल्या. "पोट्टे सुपारी खातीन, नाईतं कचरा येचत फिरतीन. माह्या दुकानात नाई." मी म्हणालो, मग मशीनं उचलावी लागतील. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नवऱ्याचं दुकान रिकामं करणं त्यांच्याने झालं नसावं. मी ती शांतता होकार समजलो आणि तिथलीही चिप, बटणं बदलून घेतली. दारात कंपनीचा पुठ्ठ्याचा मोठा फलक उभा करायचा होता, म्हणून त्यांचं शिवणयंत्र मी स्वतः उचलून आतल्या कोपऱ्यात नेलं. "तिथे उजेड नाई जी," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना बल्ब आणून दिला.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम थांबलो होतो. पोतं रिकाम्या पुड्यांनी भरत होतं आणि मी खूश होतो. दुपार कलली तशी रैनीची माय आली. मनगटावर हिरवी चिंधी. बाईंनी आत पाहिलं, मशीनच्या मागे पाहिलं. रैनी नव्हती.

बाई तशाच बाहेर धावल्या. हातात कात्री होती, ती ठेवायचंही भान नव्हतं. मीठवाला, बांगड्यांचं दुकान, बसथांबा, सगळीकडे विचारलं. ऊन उतरत होतं. त्या वर्षांत दिवस मावळल्यावर त्या भागातल्या रस्त्यांवर कुणी थांबत नसे, आणि का ते कुणी कुणाला सांगत नसे. मला माहीत होतं ती कशासाठी बाहेर पडली असेल. माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "पोट्टी कुठी हाय? कोनाची हाय जिम्मेदारी?" नजरा फलकाकडे वळल्या, मग माझ्याकडे. तेव्हा मी ते वाक्य बोललो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गर्दीला म्हणाल्या, "मले नंतर मारजा, भाऊ. आधी पोट्टी पाहू." मग माझ्याकडे वळून, "गाडी काढा."

मोटारसायकलवर त्या मागे बसल्या. कुठल्या रस्त्याने जायचं कळत नव्हतं. गावाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्याची कड तेव्हा त्या पुड्यांनी चमकत असायची. नदीकडच्या वाटेवर त्या तशाच पडलेल्या दिसल्या. आलापल्लीच्या रस्त्याला डाव्या कडेला एकही नव्हती. मोहाच्या झाडाखालची जमीन पहाटे पोरी फुलं वेचून साफ करतात, तशी ती कड साफ होती. मी गाडी हळू केली. "इकडेच," म्हणालो. बाई मागून म्हणाल्या, "तुमाले कसं समजलं?" समोरून बांबूचे ट्रक धुरळा उडवत येत होते आणि प्रत्येक ट्रक गेल्यावर मी आधी रस्त्यावर पाहत होतो.

शेवटची घरं मागे पडली. झाडं दाट झाली. एका मोरीजवळ पुड्या पुन्हा दिसू लागल्या आणि मी गाडी थांबवली, कारण याच्या पुढे ती आली नव्हती. मोरीच्या खाली, सावलीत, ती बसली होती. फ्रॉकचा ओचा पुड्यांनी भरलेला. बाईंनी तिला उराशी धरलं. तिने त्यांच्या खांद्यावरून मला ओळखलं आणि ओचा माझ्यापुढे केला. तिला डाव हवा होता.

मुलगी सापडली, पण माझं वाक्य बाजारात राहिलं. पुढच्या बाजाराला एकाही आईने पोरगं सोडलं नाही. बाई चिंध्या कापून बसून होत्या. दुकान चालेना म्हणून काही महिन्यांनी मीच मशीनं उचलली. ती टेम्पोत चढवताना त्यांनी हात लावला. "सांभाळून," म्हणाल्या, "काच हाय." पार्लर बंद झालं. मग त्या एका धान्य दुकानाच्या ओट्यावर यंत्र घेऊन बसू लागल्या. मी ती एजन्सी सोडली, चंद्रपुरात दुसरं काम धरलं, लग्न केलं. अहेरीची बस दिसली तरी नजर फिरवायचो.

माझा मुलगा चालू लागला आणि एकदा जटपुऱ्याच्या गर्दीत माझ्या हातातून निसटला. तो लगेच सापडला. त्याच आठवड्यात मी अहेरीला गेलो.

बाई ओट्यावर सिमेंटच्या पोत्यांच्या पिशव्या शिवत होत्या. चष्मा आला होता. मी सगळं सांगितलं. बटणं, कमिशन, यंत्र कोपऱ्यात नेलं ते, आणि ते वाक्य. त्यांनी टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला.

"मले काऊन सांगून राह्यले?" त्या म्हणाल्या. "मले तं माहीतच हाय. ज्याइले माहीत नाई, त्याइले सांगा. आज बाजार हाय. रैनीची माय चारोळी घेऊन बसली असन."

"रैनी?"

"लगन झालं तिचं. भामरागडकडं हाय. चला, उठा. तिच्या मायले मराठी जास्त समजत नाई, मी सांगीन."

चारोळीच्या ढिगामागे ती बसली होती. ती आमच्याकडे पाहत राहिली. आसपासच्या बायाही वळल्या. मी उभ्यानेच बोललो. बाईंचा दोष नव्हता, माझा होता, त्यांना दारातून मी उठवलं, पोरांना रस्त्यावर मी पाठवलं आणि वर खोटंही मीच बोललो. जमीलाबाईंनी ते गोंडीत सांगितलं. फार थोडक्यात. शेजारी बसलेला एक म्हातारा हसून मला म्हणाला, "बाई म्हन्ते, दोघांचीबी चूक होती."

"बाई," मी म्हणालो, "असं नको. मी म्हटलं तसंच सांगा."

"दारातून उठली तं मीच ना जी?"

"उठवलं मी."

त्या ढिगासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मंग तुमच्या तोंडानं म्हना. मी गोंडी शब्द सांगीन."

मीही बसलो. त्या एकेक शब्द देत गेल्या आणि मी तो त्यांच्यामागे म्हणत गेलो. बाया माझ्या उच्चारांना हसल्या, एकीने मध्येच दुरुस्त केलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चूक माझी. जमीलाबाईंची नाही. मला माफ करा.