दाजींची पाचर

आमचे हे सरळ माणूस. दुकानदारानं सडके बटाटे दिले तरी निमूट घेऊन येतील आणि वर मलाच सांगतील, ‘असू दे गं, त्याच्याकडे गर्दी होती.’ लोकांना फार कौतुक! संसार करून बघा म्हणावं.

हे पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण अशानं माल कमी निघतो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबूनच ठेवायचं, डाव्या हातानं दुसरं दाबायचं आणि उजव्यानं पत्रा सरकवत राहायचं. सगळे तसंच करायचे. आणि पाचरा करून कोण द्यायचं? फोरमन. फोरमन म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा नवरा, आमचे दाजी! मी डबा द्यायला गेले की बघायची ना, पाय पसरून बसलेत आणि चाकूनं तासतायत, जसं काही पोरांसाठी खेळणीच करतायत.

एक दिवस ह्यांच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

कंपनीचा साहेब दवाखान्यात येऊन गोड गोड बोलून गेला. आम्ही कामगार कोर्टात नुकसानभरपाईचा अर्ज केला तसा त्याचा सूर बदलला. म्हणे, कामगारानं आपल्या मनानं मशीनची सुरक्षा बिघडवली, भरपाई कसली मागता? बाकीचे कामगार तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आता ‘पाचर फोरमननं दिली’ एवढं एक वाक्य ह्यांनी सुनावणीत बोलायचं होतं. एकच वाक्य!

आदल्या संध्याकाळी नणंद आली. ह्यांचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. ‘अरे, ह्यांची नोकरी गेली तर आम्ही कुठं जायचं?’ दाजी बाहेर गाडीपाशी उभे. आत यायला तोंड नव्हतं, बायकोला मात्र बरोबर पुढं केलं.

मी म्हटलं, ‘ताई, हात कुणाचा गेलाय?’

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सुनावणीचे साहेब बिचारे चांगले होते. दोनदा विचारलं त्यांनी, ‘पाचर कुणी दिली? घाबरू नका, सांगा.’

‘कुणी नाही साहेब. मीच केली, मीच लावली.’

दाजी वर पंख्याकडे बघत होते. आमचा अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर दाजींनी माझ्या हातात चहाचा कप दिला. म्हणाले, ‘तुझ्या नवऱ्याचं मन मोठं हो!’ मी तो कढत चहा सगळाच्या सगळा त्यांच्या पायांवर ओतला. ‘भाजलं असेल तर करा अर्ज,’ म्हटलं.

घरी आलो. हे डाव्या हातानं चपला काढता काढता म्हणाले, ‘ताईचा संसार वाचला.’

‘आणि आपला?’

‘तू आहेस की.’

इतक्या विश्वासानं म्हणाले! मला दाजींची नाही, कंपनीच्या साहेबाची नाही, माझ्या नवऱ्याची किळस आली.