शिट्टी वाजली की उतरायचं

सरावलीतले आमचे हे शेजारी पॉवर प्लांटच्या सेफ्टी विभागात होते. तिथे भोंगा झाला की सगळ्यांनी बाहेर पडायचा सराव असे. घरीही दाराच्या वाटेत चप्पल दिसली तरी त्यांना खपत नसे. बोलणं हुकमासारखं तुटक आणि गळ्यात कायम शिट्टी.

घरच्या आठजणांसाठी मोठी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा मात्र ते पोरासारखे उड्या मारत होते. मलाही गाडी बघायची होती म्हणून त्या सगळ्यांबरोबर पालघरच्या शोरूममध्ये गेले. मरून रंगाची गाडी त्यांना बघताक्षणी आवडली. त्यांनी सगळ्यांना आत बसवलं, दारं लावली आणि शिट्टी वाजवली.

भराभर सगळे उतरले. मागच्या बाकावरची पोरं मधली सीट ओलांडून आली, पण शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईला ते जमेना.

"आरं, हितं मागच्या दाराला आतनं कडीच न्हाई," ती मागून ओरडली.

"आईंना पुढे बसवू," त्यांची बायको म्हणाली. तिलाही तीच गाडी हवी होती.

"मग मागे कुणाला बसवायचं, नाव सांग."

तिने पोरांकडे पाहिलं आणि ती दुसऱ्या गाडीकडे वळली.

शेजारची पांढरी गाडी अगदी साधी होती, पण तिचं मागचं दार आतून उघडत होतं. पुन्हा सगळे चढले.

"वाजव आता," आई म्हणाली, "ह्या खेपेला मी पयली."

शिट्टी वाजायच्या आतच ती खाली उतरली. त्यांनी तिला परत आत बसवलं.