राजवीर काही केल्या चालेना

मी साखर कारखान्यात चिटबॉय आहे. वय छत्तीस, डोक्यावर केस मोजकेच, पण कारखान्याच्या लेखी अजून बॉय. कुणाच्या रानात उसाची लागण कधी झाली, तोड कधी द्यायची, हे वहीत टिपत श्रीगोंद्याच्या शिवारांतून मोटरसायकलवर हिंडायचं, हे माझं काम. लांबून ऊस बघून तो किती महिन्यांचा आहे ते मी सांगतो. एवढ्या जाणकार माणसाला घरातल्या एकाच पिकाचा अंदाज आला नाही, त्याची ही हकिगत.

लग्नानंतर सात वर्षांनी राजवीर झाला. त्याच्यासाठी मी वेगळी वही घातली. पण वहीत अक्षर माझं आणि पाहणी दुसऱ्याची, असा प्रकार होऊ लागला. तो पालथा पडला तेव्हा मी नदीकाठच्या उसात. पहिल्यांदा बसला तेव्हा एका बागायतदाराच्या शिव्या खात होतो. रांगला तेव्हा गाडी पंक्चर होऊन फाट्यावर उभा. दर वेळी घरी आलो की आई म्हणायची, "जरा आधी आला असतास तर, आप्पा." शेवटी मी चिडलो. जेवताना आईला आणि बायकोला, मनीषाला, बजावलं की पहिलं पाऊल मी बघितल्याशिवाय पडता कामा नये. कसं थांबवायचं ते तुमचं तुम्ही बघा. (असं बोलणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, ते कळेलच.)

त्यात गळीत हंगाम सुरू झाला. हंगामात आम्हाला रविवार नसतो. पोरगं झोपेत असताना निघायचं, दिवेलागणीला परतायचं. रोज गाडी फाटकातून आत घ्यावी, तर राजवीर अंगणात मांडी घालून बसलेला, हातात राजगिऱ्याचा लाडू. लाडू संपला की आई त्याला कडेवर घ्यायची, मग मनीषा भरवायची, मग तो झोपायचा.

बारा महिने झाले, तेरा झाले, चौदा झाले. माझ्या साडूची पोरगी अकराव्या महिन्यात चालली. साडूनं ते स्टेटसला टाकलं, तेही चार दिवस लागोपाठ. मी बाजारातून पांगुळगाडा आणला. राजवीरनं त्याचं एक चाक काढून दिलं. मी पायांना चोळायला तेल आणलं. रोज विचारायचो, आज उभा राहिला का? मनीषा कढईकडं बघायची, आई पत्र्याकडं बघायची, आणि दोघी म्हणायच्या, "धरून धरून राहतो." पंधरा महिन्यांत दीड वर्ष घेणाऱ्या आडसाली उसालासुद्धा तोडीचे वेध लागतात, आणि आमचं हे बसून!

मग एक दिवस मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वळणावरून दिसलं, राजवीर भिंतीला टेकून उभा होता. मला कोण आनंद झाला! मी गाडी दामटली. गाडी जवळ आली तसा तो मटकन खाली बसला. पायांतला जीवच गेल्यासारखा बसला. त्या संध्याकाळी मी जेवण अर्धं टाकून उठलो. साडूबिडू सगळं विसरलो. पोराच्या पायांत काही दोष असला तर, या भीतीनं मी घाबरलो, खरंच घाबरलो.

नगरच्या बालरोगतज्ज्ञांकडं जायचं मी जाहीर केलं, तर घरातून उत्साहच दिसेना. आई म्हणाली, कशाला, हुईल की. मनीषा एकदा "अहो, मला काय म्हणायचंय..." म्हणून जवळ आली, पण तेवढ्यात आई आत आली आणि ती मीठ शोधायला लागली. (मीठ समोरच होतं.) शेवटी आम्ही निघालो. गाडीवर लेकराला वारं लागंल म्हणून आईनं एसटीच धरायला लावली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. मी वही उघडली आणि पालथं पडण्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर त्या म्हणाल्या, "वही राहू द्या. बाळाला खाली सोडा."

मनीषानं सोडलं. राजवीर उभा राहिला, टेबलापर्यंत चालत गेला, बाईंचं पेन घेतलं, वळला, वाटेत उघडं राहिलेलं दार ढकलून लावलं आणि परत आला.

"अगं बाई, चालला की!" आई म्हणाली. "अहो, चालला!" मनीषा म्हणाली. दोघी एकाच दमात, एकाच सुरात. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मोबाईल काढायचंसुद्धा सुचलं नाही.

बाईंनी चष्मा पुसला. "हे पहिलं पाऊल नाही," त्या म्हणाल्या. "हा दोन महिने तरी चालतोय."

मी काही बोलणार, तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारली. राजवीर होता तिथंच मटकन बसला. मांडी घातली. हात पुढं केला. आणि आईनं, नजर बाईंवरच ठेवून, पिशवीत हात घातला, राजगिऱ्याचा लाडू काढला आणि त्या हातावर ठेवला.

बाईंनी आधी लाडवाकडं बघितलं, मग आईकडं.

मग एकेक बाहेर आलं. तेराव्या महिन्यातच तो आईसमोर चालला होता. माझा हुकूम आठवून आईनं गुपचूप ठेवलं. आप्पासमोर धावत गेला तर ते पहिलं पाऊल कसं वाटंल, म्हणून गाडीचा आवाज आला की बसवायचं आणि हातात लाडू द्यायचा. मनीषासमोरही तो चालला होता, तिनंही हेच केलं. दोघींनी एकमेकींपासूनही लपवलं. लाडवांचा डबा लवकर रिकामा होतो म्हणून मात्र दोघींचा एकमेकींवर संशय होता.

"आगं, पण मी रोज काळजीनं मरत होतो," मी म्हणालो.

"म्हनून तर सांगता यीना," आई म्हणाली. "तू आधी दरडावलास, मग रडवेला झालास. मधी सांगायला जागा कुठं ठिवली हुतीस?"

बाईंनी कागदावर लिहून दिलं: बाळाची वाढ उत्तम, लाडू कमी, वडिलांनी गाडी लांब बंद करून घरी यावं.

दुसऱ्या दिवसापासून मी मारुतीच्या पारापाशी गाडी बंद करतो आणि तिथून ढकलत घरी नेतो. पहिले दोन दिवस गावानं पेट्रोल देऊ केलं. नंतर गाव माझ्याकडं दयेनं बघायला लागलं. पण चौथ्या दिवशी मी फाटकात आलो, तेव्हा राजवीर अंगणात उभा होता. त्यानं मला बघितलं आणि तो चक्क पळत आला. पाऊल नव्हे, पाऊलच पाऊल! मी घामाघूम, धापा टाकतोय. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, हातातला चाटलेला अर्धा लाडू माझ्या तळहातावर ठेवला, जमिनीवर थाप मारली आणि म्हणाला, "बश."

मी मुकाट्यानं बसलो. लाडू खाऊन झाल्यावर वहीत नोंद केली: वडील, वय छत्तीस, सांगितलं की बसतात.