दुसऱ्याच्या नावाचा फॉरवर्ड

"अमोघ!"

मी वळलो नाही.

"अरे माठ्या, तुलाच! आजपासून तू अमोघ. हाक मारली की वळायचं. पुन्हा."

कंपनीच्या पार्किंगमध्ये मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. मागं टीमचा कॅप्टन. ऑफिसात तो मॅनेजर. मध्येच तो माझ्या खऱ्या नावानं हाक मारायचा. मी सवयीनं वळलो की सगळे खिदळायचे. "चुकला! पुन्हा." कुत्र्याला शिकवतात तसं चाललं होतं. कुत्र्याला निदान बिस्कीट तरी टाकतात.

माणच्या आयटी पार्कात मी कंत्राटावर फरशी पुसायचो. गाव कोळवण. भात काढून झालं की खाचरं मोकळी होतात, तिथं अनवाणी फुटबॉल खेळत वाढलो. एकदा जेवणाच्या सुट्टीत इंजिनिअर लोकांचा बॉल माझ्या पायाशी आला. मी बादली खाली ठेवली, तिघांना चकवलं आणि बॉल त्यांच्याच गोलात घातला. तेव्हापासून मी त्यांचा फॉरवर्ड. पण कंपन्यांच्या स्पर्धेत कंत्राटी माणूस चालत नाही. म्हणून नाव टीममधल्या एका इंजिनिअरचं, अमोघ सरांचं, ओळखपत्रही त्यांचंच. फोटोत त्यांना दाढी होती, तर मला दाढी वाढवायला लावली. सर स्वतः बाहेर खुर्चीत बसायचे.

"आणि मैदानात तोंड उघडायचं नाही," कॅप्टन म्हणाला. "अमोघच्या आडनावाचा माणूस न्हाई-व्हय करत नाही. बोललास की कळेल तू कुठला आहेस ते."

कुठला म्हणजे काय, ते मला बरोबर समजलं. आमचं आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी शाळेपासून बघत आलोय.

मुका होऊन खेळलो. पास हवा तर हात वर. कुणी नडगीवर लाथ घातली तरी ओरडायचं नाही, ओठ चावायचा. गोल मी मारायचो, माईकवर नाव अमोघ. ऑफिसात सत्कार व्हायचा तेव्हा हार अमोघ सरांच्या गळ्यात. मी मागं उभा राहून टाळ्या वाजवायचो, मग खाली सांडलेली फुलं झाडायचो. राग यायचा. गिळायचो. कप जिंकला की कायमची नोकरी लावतो, असा कॅप्टननं शब्द दिला होता. आमच्या घरात तोवर कायमची नोकरी कुणाला लागली नव्हती.

फायनल महाळुंग्याला होती. एक-एक बरोबरी. शेवटी शेवटी मला गोलसमोर पाडलं, पेनल्टी मिळाली. मी बॉल जागेवर ठेवला. तेवढ्यात जाळीपलीकडून हाक आली. माझ्या नावाची.

आई होती. न सांगता कोळवणहून जीपनं आली होती.

मी वळलो नाही. मानसुद्धा हलली नाही माझी.

तिनं पुन्हा हाक मारली. कॅप्टन जाळीपाशी गेला.

"मावशी, या नावाचं इथे कुणी नाही."

"आसं कसं? त्यो काय हितं हुबा हाय! माजा पोरगा हाय त्यो."

"तो अमोघ आहे. अमोघची आई अशी दिसते का?"

सगळी टीम हसली. आई पदर सावरत आमच्याकडे बघत राहिली. कॅप्टन माझ्याजवळ आला, पाठीवर थाप मारून हळूच म्हणाला, "शाब्बास. शिकलास."

त्या शाब्बासकीनं अंगाची आग झाली. स्वतःची आई हाक मारतेय आणि मी दगडासारखा उभा. नाव घेतलं, बोलणं घेतलं, आता आईसुद्धा नाकारायला लावली. किळस आली. त्यांची आली, आणि माझी जास्त आली.

मी बॉल उचलला. रेफरीच्या हातात दिला.

"सर, मी अमोघ न्हाई."

मग माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव तर जाळीपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं. "मी ह्यांच्या हापिसात फरशी पुसतोय. ती तितं हुबी हाय ती माजी आई."

टीम बाद झाली.

"लायकी दाखवलीस शेवटी," कॅप्टन म्हणाला.

"व्हय. तुमची."

दुसऱ्या दिवशी गेटवर मला आत सोडलं नाही. अमोघ सर अजून तिथंच आहेत.

फायनलच्या रात्री घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "पयल्या हाकंला का वळला न्हाईस रं?"

परवा दुसऱ्या एका कंपनीतून फोन आला. चांगला फॉरवर्ड हवाय म्हणाले. नावाचं आम्ही ॲडजस्ट करू.

"माझं नाव लावणार असाल तर येतो," मी म्हणालो.

"ते कसं जमेल?"

"मग न्हाई."

फोन मी ठेवला. हरायचं तर त्यांनी आपापल्या पायांनी हरावं. माझे पाय माझ्या नावाशिवाय मैदानात उतरणार नाहीत.